व्हीआर चष्मा घालून घर-शाळा-अभ्यासिका आधीच वापरून बघणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही लातूरला बसतो. घरं, अभ्यासिका, अधूनमधून एखादी शाळा किंवा ग्रामपंचायतीचं काम करतो, आणि बांधकामाच्या आधी लोकांना व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट नावाचा चष्मा बांधून कॉम्प्युटरवरच्या जागेत शिरणं) त्या जागेत फिरवून बघतो. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. दुसरीकडं आलेलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हे नेमकं काय असतं? गेमचा डबा डोळ्याला लावून घर कसं काय कळणार?

जे बांधायचंय त्याचं खऱ्या मापाचं मॉडेल कॉम्प्युटरवर करायचं, ते हेडसेटमध्ये टाकायचं आणि जो माणूस तिथं राहणारे त्यालाच आत सोडायचं. मान वळवली की खोली फिरते, वाकलं की ओट्याखालचं दिसतं. आपण बाजूला वही घेऊन बसायचं आणि बघायचं की हा माणूस कुठून आत शिरतो, चप्पल काढायला कुठं थांबतो, पाहुणे आल्यावर कुठं सरकतो, कोणत्या कोपऱ्याकडं फिरकतच नाही. डोकं आणि हात कुठं होते याची नोंद हेडसेटमधून काढता येते, बाकीचं आपल्या डोळ्यांनी.

घर "दाखवणं" वेगळं आणि हे वेगळं, एवढं ध्यानात ठेवा. दाखवायचं काम बिल्डरच्या ऑफिसातला टीव्ही पण करतो, त्यात सोफ्यावर कुणी गोरी बाई कॉफी पीत बसलेली असते. आपल्याला घर विकायचं नाही, माणूस कसा वागतो ते बघायचंय.

२. नकाशा आहे, थ्रीडी फोटो आहेत, मग व्हीआरची काय गरज?

खरं सांगू का, नकाशा कळतो असं सगळेच म्हणतात आणि कळतो फार थोड्यांना. दहा बाय बाराची खोली म्हणल्यावर मान हलते, पण पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडंल का नाही ते नकाशावरून डोळ्यापुढं येत नाही. थ्रीडी फोटोची अडचण वेगळीच, तो काढणारा कॅमेरा भिंतीच्या पलीकडं नेऊन काढतो, त्यामुळं खोली हॉलएवढी दिसते.

आपल्या भागात तर हे उदाहरण देऊन सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळपास ८ हजार माणसं गेली, आणि नंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णच नव्या जागेवर वसवली. घरं मिळाली जमिनीच्या हिशोबानं, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. रस्ते सरळ, रुंद, शहरातल्या कॉलनीसारखे. बांधकाम मजबूत होतं त्यात वाद नाही. पण जुन्या गावात ढाळज होती, ओसरी होती, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, जोंधळे वाळायचे, गल्लीत भावकी शेजारी होती, बैल दावणीला घराजवळच. नव्या गावात जाऊन बघा, मूळ घराला पुढून पत्र्याचं शेड, मागं चूल, बाजूनं कंपाउंड. लोकांनी आपापली ओसरी हातानं परत बांधून घेतली.

तेव्हा व्हीआर वापरायला पाहिजे होतं असं मी म्हणत नाही, लोक उघड्यावर होते, घाई होती, आणि तसली सोय पण कुठं होती. शिवाय दगडमातीच्या भिंतींनीच माणसं मारली होती त्यामुळं लोकांना दगडाची धडकीच भरली होती, सगळे सिमेंटचंच मागत होते. घाबरलेल्या माणसाला काय पाहिजे विचारलं तर तो भीतीचं उत्तर देतो, ओसरी त्याला चार वर्षांनी आठवते. हे मला फार नंतर कळलं.

३. मग लोकांनाच सरळ विचारा की, त्यांना काय पाहिजे ते!

विचारतो की. पण तोंड एक सांगतं आणि पाय दुसरं, आमचं सगळं काम त्या फरकावरच चालतं.

एका घरी काकू म्हणल्या, ओपन किचन पाहिजे, सिरीयलमधल्यासारखं. दिलं तसं मॉडेल करून. काकू हेडसेट घालून भाजी चिरायच्या जागी उभ्या राहिल्या आणि आम्ही दाराच्या बेलचा आवाज वाजवला. काकू फ्रिजच्या आडाला सरकल्या. थोड्या वेळानं परत वाजवली, परत तिथंच. तिसऱ्यांदा मी विचारलं काकू तिकडं काय आहे, तर म्हणल्या "काही नाही, हॉलमधून दिसत नाही इथं". त्यांना स्वतःला पण पत्ता नव्हता की आपण सरकायलो. शेवटी ओपन किचनच राहिलं, फक्त फ्रिजच्या जागी कमरेच्या वरपर्यंत एक भिंत आली.

याचा अर्थ बोलणं फेकून द्यायचं असा नाही. आधी पाय बघायचे, मग त्या क्षणावर बोट ठेवून विचारायचं, मग उत्तर खरं येतं.

४. हे तुम्हीच काढलंय का जगात कुणी आधी केलंय?

आम्ही कुठं काढतो, जुनी गोष्ट आहे. कॉम्प्युटरनं काढलेलं चित्र दाखवणारा, डोक्याला लावायचा पहिला डिस्प्ले आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत केला. इमारतीसाठीचं माझं आवडतं उदाहरण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं. तिथल्या कॉम्प्युटर विभागाची सिटरसन हॉल नावाची नवी बिल्डिंग १९८० च्या दशकात होणार होती, तर फ्रेड ब्रुक्स आणि त्यांच्या लोकांनी तिचं मॉडेल करून आधीच त्यात फेरफटका मारायची सोय केली. बिल्डिंग वापरणाऱ्यांना लॉबी कोंदट वाटली, कागदावर ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आणि आर्किटेक्टला आडभिंत हलवायला लावली. तेव्हाचं चित्र आजच्या साध्या मोबाईल गेमपेक्षाही भिकार होतं, तरी कळलं.

अलीकडचं म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हेदेरियन, बेसेरिक-गर्बर वगैरे मंडळींनी २०१५ च्या आसपास व्हीआरमधल्या ऑफिसात लोकांना बसवून बघितलं की वाचायला उजेड पाहिजे असला तर माणूस पडदा उघडतो का लाईट लावतो. त्यात आपल्या कामाची गोष्ट म्हणजे खोलीत शिरताना जे आधीपासून चालू असतं त्याचा फार फरक पडतो, भरपूर उजेड आत येत असला तर लोक तसंच राहू देतात. त्यामुळं मॉडेलमध्ये माणूस पाऊल टाकतो तेव्हा खिडक्या उघड्या का बंद हे आम्ही आधी ठरवून लिहून ठेवतो, नाहीतर निकाल आपणच लावल्यासारखा होतो.

५. हेडसेट कोणता घ्यावा? मोबाईलवाल्या पुठ्ठ्याच्या डब्यात भागतं का?

पुठ्ठ्याच्या डब्यात (गुगल कार्डबोर्ड, २०१४) मान वळवलेली कळते, पुढं टाकलेलं पाऊल कळत नाही. आपल्याला तर पाऊलच मोजायचंय, म्हणून नको. केबल नसलेला, कॅमेरे त्याच्याच अंगावर असलेला हेडसेट घ्या, मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ असा कुठला तरी, जुना क्वेस्ट २ असला तरी भागतं. अर्धा किलो वजन असतं, चार्जिंग साधारण दोन तास पुरतं, खेड्यात जाताना पॉवर बँक न्यायची.

हे मात्र तिप्पट जोरात सांगतो: लेन्सवर ऊन पडू देऊ नका. भिंगासारखं काम होतं आणि आतली स्क्रीन जळते, पाच-दहा मिनिटं पण लागत नाहीत. एप्रिलमध्ये खिडकीत ठेवून चहा प्यायला गेलो आणि आमच्या पहिल्या हेडसेटला कायमचा पिवळा डाग पडला. अंगणात टेस्ट घेऊ नका, आणि एकदम अंधारात पण नको, कॅमेऱ्याला भिंती दिसल्या नाहीत तर घर पाण्यासारखं हलायला लागतं. लोडशेडिंगची वेळ विचारूनच जातो आम्ही.

६. मॉडेल किती बारीक करायचं? फर्निचर, रंग, सगळंच पाहिजे का?

मापं अचूक, सामान खरं, चकाकी कमी. या क्रमानं. मॉडेल करायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, स्केचअप बऱ्याच जणांना येतं, तिथून युनिटी नाहीतर अनरियल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतं. इटालियन मार्बल आणि झुंबर लावलं की लोक झुंबरच बघत बसतात.

सामानाबद्दल मात्र मी हट्टी आहे. रिकाम्या खोलीत घेतलेली टेस्ट खोटी असते. आपल्याकडच्या घरात काय काय असतं ते आठवा: पाण्याचे ड्रम, स्टीलच्या घागरी, कळशी, धान्याच्या कोठ्या, गाद्यांची उतरंड, कूलर, कूलरची बादली, गॅसची दुसरी टाकी, दाराशी चपलांचा ढीग, बाजल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं लातूरला, तेव्हापासून ड्रम नसलेलं घर मी तरी बघितलं नाही, आणि एकाही नकाशात ड्रमची जागा काढलेली नसते! तो ड्रम मग पॅसेजमध्ये येतो, तीन फुटांचा पॅसेज दीड फुटांचा होतो. मॉडेलमध्ये ड्रम ठेवा मग बघा माणूस तिथून कसा आडवा होऊन जातो.

७. माणसाला आत सोडल्यावर काय करायला सांगायचं? नुसतं फिर म्हणायचं का?

नुसतं फिर म्हणलं की पाहुण्यासारखा फिरतो, भिंतीला हात लावत, "हाँ, चांगलंय". काम द्यायचं. आमची नेहमीची कामं अशी की नळ आलेत पाणी भरा, गॅसवाला आलाय टाकी कुठून आत घेणार, दुपारी पडायचंय कुठं पडाल, लेकराचा अभ्यास कुठं घ्याल, लाईट गेली आता सगळे कुठं बसाल. शेवटच्या प्रश्नाला लोक फार मजेशीर वागतात, मोठ्ठा हॉल सोडून दाराच्या पायरीवर येऊन बसतात. कितीदा बघितलं.

एक वेळी १० ते १५ मिनिटं, मग काढून पाणी द्यायचं, पाहिजे तर परत. दोन डिझाईन दाखवायची असली तर अर्ध्या लोकांना आधी हे आणि अर्ध्यांना आधी ते, कारण दुसऱ्यांदा आत गेलेला माणूस सरावलेला असतो आणि दुसरं डिझाईन उगाच बरं ठरतं.

८. चक्कर येते म्हणतात, खरं का?

काही जणांना येते. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल म्हणतो उभा आहे, भांडण पोटावर निघतं. एसटीत वाचणाऱ्याला मळमळतं, त्यातलाच प्रकार. घामेजलं, जांभया यायल्या, गप्प झाला की लगेच काढायचं, "दोनच मिनिटं अजून" करायचं नाही. उपाशी नको, जेवल्याजेवल्या नको. फिटचा त्रास असलेल्यांना आम्ही घालतच नाही. गरोदर बायांना पण नाही. चक्कर सगळ्यात जास्त येते हातातल्या कंट्रोलरच्या दांडीनं सरकत गेल्यावर, त्याचं पुढच्या प्रश्नात.

९. मग पायी चालायचं का बटण दाबून उडी मारायची?

पायी. जमेल तिथं पायीच. दांडीनं सरकणं तर नकोच, चक्कर येते. बटण दाबून इथून तिथं उडी मारली की चक्कर फारशी येत नाही हे खरं, पण मग माणूस कोणत्या वाटेनं गेला हेच हरवतं ना. हॉलमधून एकदम न्हाणीत. मधला ड्रम, मधली अडचण, मधे बसलेला सासरा, कशाचाच हिशोब नाही.

पायी चालायला जागा लागते. पूर्ण घर नाही मावत, म्हणून घराचे तुकडे करतो. लग्नसराई नसली की मंगल कार्यालयाचा हॉल स्वस्तात मिळतो, तिथं स्वयंपाकघर-हॉल-दार एवढं खऱ्या मापात आरामात बसतं. वरचा मजला वेगळा घ्यायचा. जिना मात्र पायी चढायचा नाही, दिसतो वर आणि पाय पडतो सपाट, आपटतात लोक. आणि एक माणूस कायम पाठीमागं हात पुढं करून उभा ठेवायचा, हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं.

१०. मला व्हीआरमध्ये सगळ्या खोल्या लहान वाटल्या. मॉडेल चुकलंय का?

बहुतेक नाही. हेडसेटमध्ये माणसाला अंतर कमीच वाटतं, हे बऱ्याच प्रयोगांत आलंय. २०१३ पर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब काढला तर लोकांनी सांगितलेलं अंतर मॉडेलमधल्या अंतराच्या सरासरी ७४ टक्के निघालं. आताचे हेडसेट बरे आहेत, तरी थोडं राहतंच. फक्की मारल्यावर जसं होतं ना, प्लॉटवर पांढऱ्या रेघा बघून प्रत्येक मालक म्हणतो "एवढीच खोली?", आणि भिंती उठल्यावर गप्प होतो.

उपाय सोपा. आधी त्या माणसाची सध्याची खोली, जिथं तो रोज झोपतो, तीच मॉडेल करून व्हीआरमध्ये दाखवायची. मग नवी. म्हणजे तुलना खोलीची खोलीशी होते. आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटवर नीट लावा, क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खुणा आहेत, कुणाला किती ते एकदा मोजून वहीत लिहून ठेवायचं. डोळ्यांची उंची पण तपासा. साडेचार फुटांच्या आज्जीला सहा फूट उंचीवरून ओटा दाखवला तर तो ओटा बुटकाच वाटणार.

११. ऊन, उकाडा, वारा, वास यांचं काय? मराठवाड्यात घर म्हणजे उन्हाळाच की!

बरोबर पकडलं. इथं व्हीआर लंगडं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मे महिन्यात ४२ अंशात पश्चिमेची भिंत संध्याकाळी कशी तापते ते चष्म्यात कळत नाही. त्यामुळं व्हीआरमध्ये लोक काचेची मोठी पश्चिम खिडकी हौसेनं निवडतात, तीच खिडकी पुढं वर्तमानपत्र चिकटवून बंद करतात.

चकाकी पण नाही कळत. या हेडसेटची स्क्रीन १०० निट्सच्या (चकाकी मोजायचं माप) आसपास उजेड देते, दुपारचं आभाळ हजारोंत असतं. सावली कुठून कुठं सरकते एवढं मात्र छान दाखवता येतं, अक्षांश टाकला आणि तारीख टाकली की झालं. म्हणून आमचा नियम: उजेड-सावलीची दिशा, आडोसा, वाट, बसायची जागा हे व्हीआरला विचारायचं, आणि उकाडा-वारा जुन्या घरांना. माळवदाखाली दुपारी झोपलेल्या कुणालाही विचारा.

कधीकधी फसवतो पण आम्ही, चांगल्या अर्थानं. टेस्ट मुद्दाम दुपारी दोनला, एसी बंद, पंखा बंद. मग लोक मॉडेलमधली सावली शोधायला लागतात.

१२. आज्जीला, नऊवारीतल्या बायांना, फेटेवाल्या मामांना हेडसेट कसा घालायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात याचं उत्तर नाही.

अंबाडा असला तर मागचा पट्टा अंबाड्याच्या खालून. फेटा, टोपी काढावीच लागते, आणि मामांना चारचौघांत टोपी काढायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून आत खोलीत न्यायचं. डोक्याला तेल असतंच, त्यामुळं कापडी गादी नको, धुता येणारं रबरी कव्हर लावा आणि प्रत्येकानंतर पुसा. टिकली आधी काढून आरशाला लावून ठेवायला सांगा, नाहीतर ती कव्हरला चिकटते आणि पुढच्या मामाच्या कपाळावर जाते. हसू नका, झालंय. पदर डोक्यावरून घेणाऱ्यांना पदर खांद्यावर घ्यावा लागतो, तिथं घरातले पुरुष असतील तर त्या बाई अवघडतात, १३ वाचा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आज्ज्या घाबरतात असं वाटतं ना? उलट आहे. एका आज्जीनं चष्म्यातल्या तुळशीला हात जोडले, बाजलीवर बसायला गेल्या आणि मागं उभ्या पोरीनं धरलं म्हणून वाचलो. बाजली दाखवणार असाल तर त्याच जागी खरी बाजली ठेवा.

१३. घरातले सगळे एकाच वेळी बसवले तर चालतं का? वेळ वाचंल.

नाही. सासऱ्यासमोर सून मोकळी हलत नाही आणि थोरल्यासमोर धाकटा बोलत नाही. टीव्हीवर हेडसेटमधलं सगळ्यांना दिसत असलं तर अजूनच वाईट, मागून सूचना सुरू, "अगं तिकडं नाही, इकडं वळ". मग ते तिचं वागणं राहत नाही. एकेकाला वेगळं घ्या, बायांच्या वेळी सोबत बाईच, आणि कोण कुठं फिरलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. शेवटी सगळ्यांच्या वाटा एकाच नकाशावर नाव न घालता काढतो आणि तो कागद पुढं ठेवतो. मग होऊ द्या भांडण, ते भांडण कामाचं असतं.

१४. अभ्यासिका, क्लास, दवाखाना यांच्यासाठी काही वेगळं?

वेगळं म्हणजे तिथं अनोळखी माणसं असतात. मॉडेलमध्ये पण माणसं बसवा. व्हीआरमधल्या खोट्या माणसापासून सुद्धा लोक खऱ्यासारखं अंतर ठेवतात, त्याच्या अंगावरून जात नाहीत, हे सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेलेन्सन यांच्या प्रयोगांत २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलंय.

लातुरात अभ्यासिका किती निघाल्यात ते तुम्हाला माहितीच आहे, मेडिकलच्या नीट परीक्षेची पोरं बारा-बारा तास बसतात. एका मालकाला हॉलमध्ये जास्तीत जास्त खुर्च्या पाहिजे होत्या. पोरांना व्हीआरमधल्या हॉलमध्ये सोडलं, बस म्हणलं. आधी कोपरे गेले, मग भिंतीकडेच्या जागा, पाठ दाराकडं येणारी जागा कुणीच घेईना. पाठीला आडोसा आणि समोर नजर मोकळी, माणसाला असं आवडतं हे भूगोलाचे अभ्यासक जे ॲपलटन यांनी १९७५ मध्येच मांडलंय, पोरांनी काही ते वाचलेलं नव्हतं. मधल्या टेबलांना खांद्याएवढ्या फळ्या लावल्या तेव्हा मधली टेबलं पण भरायला लागली. खुर्च्या मालकाला पाहिजे होत्या त्यापेक्षा थोड्या कमीच बसल्या, तो अजून कुरकुर करतो.

१५. किती माणसं घेतली की पुरे?

घर असेल तर घरातली सगळी, कामाला येणाऱ्या मावशींसकट. मावशी सोडू नका, झाडू कुठून कुठं जातो ते त्यांनाच माहिती. सार्वजनिक जागेला ठराविक आकडा मी सांगत नाही, नवीन माणूस नवीन काही करेनासा झाला की थांबतो. फक्त पोरंच नको, फक्त पुरुषच नको, फक्त सरपंचाच्या ओळखीचेच नको. टक्केवारी काढून रिपोर्टमध्ये टाकायची असेल तर मग हे प्रकरण वेगळं, संख्याशास्त्रवाल्याला धरा.

१६. सगळेच "लई भारी" म्हणतात. मग त्याचा उपयोग काय?

काहीच नाही. ते हेडसेटला भारी म्हणतात, घराला नाही. पहिल्यांदा घातला की पाच मिनिटं नवलाईतच जातात. म्हणून पहिली पाच मिनिटं भलतंच दाखवा, एखादं शेत, विहीर, काहीही, आणि नवल ओसरलं की मग घर. आवडलं का हा प्रश्नच काढून टाका. ३ आणि ७ बघा.

१७. लेकरांना घालायला देता का?

१० वर्षांखाली नाहीच, मेटा कंपनीची पण तीच अट आहे. त्यावरच्यांना आईबापाच्या परवानगीनं, तेही पाचच मिनिटं. शाळेचं मॉडेल असेल तर आम्ही उलटं करतो, मोठ्या बाईंना हेडसेट देतो आणि डोळ्यांची उंची साडेतीन फुटांवर आणतो. फळा, खिडकी, हँडवॉशचा नळ कुठं आलाय ते बघून बाई स्वतःच बदल सांगतात.

१८. व्हीलचेअरवर असणाऱ्यांसाठी हे चालतं का?

चालतं, पण इथं हमखास गडबड होते. दांडीनं सरकवलं तर माणूस भिंतीतून आरपार जातो आणि सगळीकडं "जाता येतं" असा खोटा निकाल मिळतो. खऱ्या व्हीलचेअरवर बसवून, खऱ्या जागेत फिरवा, आणि मॉडेलमध्ये व्हीलचेअर पण दिसू द्या. पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, नकाशात ती असते आणि मॉडेलमध्ये दाराआड बादली ठेवली की ती संपते. रॅम्पचा चढ (१ ला १२) व्हीआरमध्ये अजिबात कळत नाही, तो खराच कुठंतरी चढून बघा.

१९. आमच्या फिरण्याचं रेकॉर्डिंग कुठं जातं? धोका आहे का?

विचारलं ते बरं केलं. माणसाच्या चालण्या-वळण्याची पण ओळख पटते. स्टॅनफर्डच्या २०२० च्या अभ्यासात ५११ लोकांपैकी कोण कोण आहे ते नुसत्या हालचालीवरून, पाच मिनिटांहून कमी रेकॉर्डिंगमध्ये, ९५ टक्के वेळा बरोबर ओळखलं गेलं. म्हणजे नाव खोडलं म्हणून नोंद निनावी होत नाही. आपल्याकडं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्यात संमती मराठीत समजावून घेता येते आणि परत पण घेता येते, १८ खालच्यांसाठी पालकाची. आम्ही वाटांचा नकाशा काढला की मूळ रेकॉर्डिंग पुसतो. न पुसणाऱ्याला घरात घेऊ नका, कोण दुपारी कुठं झोपतं हे बाहेर कशाला पाहिजे.

२०. वास्तुशास्त्राचं काय?

देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, ज्यांना पाळायचंय त्यांनी आधी सांगा, तेवढं पक्कं धरून मॉडेल करतो. व्हीआर झाल्यावर महाराजांना घेऊन येऊ नका एवढीच विनंती. सगळं परत करावं लागतं आणि त्याचे पैसे लागतात.

२१. व्हीआरमध्ये आवडीनं बसले ती जागा, बांधल्यावर कुणी बसेना. असं होतं का?

होतं. आमच्याकडून झालंय. एका घरात जिन्याखाली वाचायचा कोपरा सगळ्यांना आवडला, जो तो तिथंच टेकायचा. बांधला. वर्षभरात तिथं सोयाबीनची पोती. चूक आमचीच होती, टेस्ट घेतली पावसाळ्यात आणि पोती मॉडेलमध्ये नव्हती. रास झाल्यावर माल कुठं ठेवता हे विचारलंच नाही. तेव्हापासून शेतकऱ्याच्या घराचं मॉडेल दोनदा करतो, एक एरवीचं आणि एक राशीच्या दिवसांतलं. राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी एक चक्कर पण मारतो, चहा मिळतो आणि आपण कुठं चुकलो ते कळतं.

२२. जुना वाडा आहे, थोडीच दुरुस्ती करायचीय. व्हीआर करावं का?

शक्यतो नको. जागा उभी आहे, माणसं राहायलेत, मग चष्मा कशाला. एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तिथं बसा. फरशी कुठं झिजलीय, उंबऱ्याची कोणती बाजू गुळगुळीत झालीय, ओसरीच्या भिंतीवर डोकं टेकून तेलाचा डाग कुठं पडलाय, खुंटी कुठं ठोकलीय, दोरी कुठून कुठं बांधलीय, सगळं तिथं दिसतं. जो भाग पाडून नवा करायचाय तेवढ्याचंच मॉडेल करू.

आम्हाला फोटो पाठवणार असाल तर आवरून, पुसून, रंग देऊन पाठवू नका. तेलाचा डाग राहू द्या, दोरीवरचे कपडे पण राहू द्या, आणि प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी नाहीतर साधी घागर ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येतो.